स्पॅनिशमध्ये पीएच.डी.: सहा वर्षांचा हा करार नेमका कशाचा?

अमेरिकेतील मराठी घरांत स्पॅनिश प्रवेश करते ती बहुधा शाळेच्या वेळापत्रकातून. सहावी-सातवीत परकी भाषा निवडण्याची वेळ येते, फ्रेंच की स्पॅनिश यावर घरात दोन दिवस चर्चा होते आणि 'निदान इथे उपयोगी तरी पडेल' म्हणून स्पॅनिश ठरते. पुढे हायस्कूलमध्ये एपीची परीक्षा, महाविद्यालयात जीवशास्त्र किंवा संगणकशास्त्राच्या जोडीला स्पॅनिशचा दुय्यम विषय, एखादे सत्र माद्रिद किंवा ब्वेनोस आइरेस येथे. इथवर कोणाची हरकत नसते; उलट कौतुकच असते. मग चौथ्या वर्षाच्या दिवाळीत मुलगी जाहीर करते, की आपण स्पॅनिश साहित्याच्या पीएच.डी.साठी अर्ज करणार आहोत. त्यावर दोन प्रश्न हमखास येतात. भाषा तर तुला येतेच, मग आणखी सहा वर्षे शिकायचे काय? आणि त्यानंतर पुढे काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे नीट उत्तर बहुतेक घरांत कोणाजवळ नसते. दुसऱ्याचे नीट उत्तर बहुतेक विद्यापीठीय विभागांत कोणी आपणहून देत नाही. निर्णय मात्र या दोन उत्तरांवरच घ्यावा लागतो, आणि तोही काही आठवड्यांत.

मराठीत एम.ए. करणारा विद्यार्थी मराठी बोलायला शिकण्यासाठी विद्यापीठात जात नाही. तो महानुभाव गद्यापासून दलित आत्मकथनांपर्यंतचे वाङ्मय, भाषेचे व्याकरण आणि इतिहास, समीक्षेच्या पद्धती यांचा अभ्यास करतो. भाषा त्याला आधीच येत असते. अमेरिकी विद्यापीठांतील स्पॅनिशच्या पदव्युत्तर अभ्यासाचे तसेच आहे. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याला स्पॅनिशमध्ये पंधरा-वीस पानांचा शोधनिबंध लिहिता येतो आणि तासभर वाङ्मयीन चर्चा करता येते, हे गृहीत धरलेले असते. वर्ग स्पॅनिशमध्ये चालतात, निबंध स्पॅनिशमध्ये लिहिले जातात, आणि बाजूला बसलेला सहाध्यायी बोगोता, लीमा किंवा सेव्हिया येथून आलेला असण्याची शक्यता मोठी असते. शाळेपासून स्पॅनिशमध्ये पहिला नंबर मिळवलेल्या मुलाला पहिल्या सत्रात जो धक्का बसतो तो व्याकरणाचा नसतो. भाषा येणे ही इथे गुणवत्ता नसून प्रवेशाची पूर्वअट आहे, हे तेव्हा त्याच्या लक्षात येते.

विभागांत सर्वसाधारणपणे तीन वाटा असतात: स्पेनचे साहित्य व संस्कृती, लॅटिन अमेरिकेचे साहित्य व संस्कृती, आणि स्पॅनिश भाषाविज्ञान. अमेरिकेतील स्पॅनिशभाषक समाजाचा, म्हणजे लॅटिनो समाजाचा अभ्यास ही अलीकडच्या दशकांत बळावलेली चौथी वाट. पहिली दोन-तीन वर्षे वर्गांत जातात. मग येते पात्रता परीक्षा आणि तिच्यासाठी वाचनाची लांबलचक यादी. त्या यादीत मध्ययुगीन वीरकाव्य 'मियो सिद' असते, १५५४ साली कर्त्याच्या नावाविना छापलेली 'लासारिय्यो दे तोर्मेस' ही छोटी कादंबरी असते, सेर्वान्तेसच्या 'दोन किहोते'चे १६०५ आणि १६१५ मधील दोन्ही भाग असतात. मेक्सिकोतील मठात राहून लिहिणारी सोर हुआना, निकाराग्वाचा रुबेन दारिओ, बोर्हेसच्या कथा, हुआन रुल्फोची १९५५ मधील 'पेद्रो पारामो' असे करत ती समकालीन लेखनापर्यंत येते. परीक्षा झाल्यावर प्रबंधाचा आराखडा, आणि मग दोन ते तीन वर्षे प्रबंध. एकूण पाच ते सहा वर्षे, कित्येकदा सात.

या अभ्यासात प्रत्यक्षात काय घडते, याची कल्पना एका ग्रंथावरून येईल. १९०८ साली जर्मन अभ्यासक रिखार्ड पीचमान यांना कोपनहेगनच्या राजग्रंथालयात एक जाडजूड हस्तलिखित सापडले. पेरूतील फेलिपे गुआमान पोमा दे आयाला या आदिवासी लेखकाने सतराव्या शतकाच्या आरंभी स्पेनचा राजा तिसरा फिलिप याला उद्देशून ते लिहिले होते. सुमारे बाराशे पाने, त्यांत जवळजवळ चारशे रेखाचित्रे. इंका राजवटीचा इतिहास, स्पॅनिश अधिकारी व धर्मगुरूंच्या जुलमांची तपशीलवार तक्रार, आणि राज्यकारभार कसा सुधारावा याविषयी राजाला दिलेला सल्ला. भाषा स्पॅनिश, पण मध्ये मध्ये केचुआ आणि वाक्यरचनेवरही तिची छाया. राजाने ते पाहिले असावे याचा काही पुरावा नाही. आता या ग्रंथाचे काय करायचे? तो इतिहास आहे, अर्ज आहे, की साहित्य? 'अशुद्ध' स्पॅनिशमध्ये लिहिलेल्या पानांना वाङ्मयाच्या इतिहासात जागा द्यायची का, आणि ती कोणत्या निकषावर? चित्र आणि मजकूर एकमेकांशी विसंगत असतील तर कोणावर विश्वास ठेवायचा? वसाहतकालीन लॅटिन अमेरिकेवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याची सहा वर्षे अशा प्रश्नांत जातात. त्यासाठी जुनी लिपी वाचायला शिकावे लागते, कधी केचुआ किंवा नाहुआत्ल शिकावी लागते आणि सेव्हियातील 'आर्किव्हो हेनेराल दे इंदियास' या दफ्तरखान्यात महिनोन्महिने बसावे लागते. मोडी कागदपत्रांवर काम केलेल्या माणसाला हा उद्योग मुळीच अनोळखी वाटणार नाही.

भाषाविज्ञानाची वाट वेगळी आहे, आणि परदेशातील मराठी कुटुंबांशी तिचा थेट संबंध आहे. घरात ऐकून आलेली पण शाळेत कधीही न शिकलेली भाषा बोलणाऱ्या मुलांना अमेरिकेत वारसा-भाषक म्हणतात. त्यांच्याविषयीचे संशोधन या देशात मोठ्या प्रमाणावर उभे राहिले ते स्पॅनिशभाषक मुलांच्या अभ्यासातून; ग्वादालूपे वाल्देस यांचे नाव त्यात अग्रक्रमाने घेतले जाते. स्पॅनिशमध्ये 'मी घर पाहतो' हे साधे वाक्य आहे, पण 'मी मारियाला पाहतो' म्हणताना मारियाच्या आधी 'आ' हे अव्यय लावावे लागते, कारण कर्म हे माणूस आहे. मराठीतही नेमके हेच होते: 'घर पाहिले', पण 'मारियाला पाहिले'. अमेरिकेत वाढलेली स्पॅनिशभाषक मुले हा 'आ' वारंवार गाळतात. इलिनॉय विद्यापीठातील सिल्विना मोन्त्रुल यांनी सहकाऱ्यांसह २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील हिंदी वारसा-भाषकांच्या बोलण्यात 'को' हा प्रत्ययही तसाच झिजत असल्याचे दिसले. आईवडिलांना जी मुलांची 'चूक' वाटते, ती दोन दूरच्या भाषांत सारख्याच जागी होते; म्हणजे तिच्यामागे आळस नसून काही नियम आहे. मराठीच्या 'ला'चे इथे काय होते, याचा अभ्यास करू पाहणाऱ्याला बृहन्महाराष्ट्र मंडळाशी निगडित मराठी शाळांत विषय अक्षरशः बाकांवर बसलेला मिळेल. पद्धती मात्र त्याला बहुधा स्पॅनिशच्या विभागातच शिकावी लागेल.

मराठी विद्यार्थ्याला स्पॅनिशच्या अभ्यासात सांगण्यासारखे स्वतःचे काय असणार, या शंकेलाही यातून काही उत्तर मिळते. आणखी एक उदाहरण आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर दिएगो रिव्हेराने रंगवलेल्या चित्रांत त्यांचा चेहरा आहे. वीणा गवाणकर यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोने या माणसाला कसे पाहिले हे शोधायचे, तर मराठी, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा तिन्ही भाषा लागतील; तिन्ही येणारे अभ्यासक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असणार. शिवाय यातील अनेक विभागांचे पूर्ण नाव 'स्पॅनिश आणि पोर्तुगीज' असते, आणि पोर्तुगीजच्या बाजूने गोवा येतो. फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांची 'ओस ब्राह्मनेस' ही १८६६ मधील कादंबरी पोर्तुगीजमध्येच लिहिलेली आहे. मराठीत मात्र बोर्हेस आणि गार्सिया मार्केस आजवर बहुधा इंग्रजीच्या दारातूनच आले.

अमेरिकेत स्पॅनिशचे विभाग इतके मोठे का झाले, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आजच्या नोकऱ्यांचा हिशेब त्यावरच उभा आहे. आरंभ अगदी उच्चभ्रू होता. एबिएल स्मिथ यांच्या १८१५ मधील देणगीतून हार्वर्डमध्ये फ्रेंच आणि स्पॅनिशसाठी अध्यासन निर्माण झाले आणि जॉर्ज टिकनर त्याचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचा स्पॅनिश वाङ्मयाचा इतिहास १८४९ साली निघाला. त्यांच्यानंतर त्या जागी कवी लाँगफेलो आले. पण विद्यार्थ्यांचा लोंढा आला तो पहिल्या महायुद्धात: जर्मन भाषा लोकांच्या मनातून उतरली आणि शाळांनी तिच्या जागी स्पॅनिश आणली. स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९१७ मध्येच स्थापन झाली, हा योगायोग नव्हे. स्पेनमधील यादवी युद्धानंतर पेद्रो सालिनास, होर्हे गियेन हे कवी आणि इतिहासकार आमेरिको कास्त्रो निर्वासित होऊन अमेरिकी विद्यापीठांत शिकवू लागले, तेव्हा विभागांची प्रतिष्ठा वाढली. मग १९५८ चा राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा, पाठोपाठ क्यूबातील क्रांती. लॅटिन अमेरिका समजून घेणे ही एकाएकी सरकारी गरज झाली आणि पैसा आला. त्या पैशाच्या जोडीला १९६० च्या दशकातील लॅटिन अमेरिकी कादंबरीचा बहर आला. आज देशात चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात.

या सर्व काळात विभागाचे पोट मात्र एकाच गोष्टीवर भरत आले आहे: प्राथमिक स्पॅनिशचे वर्ग. पदवीसाठी दोन किंवा चार सत्रे परकी भाषा सक्तीची असलेल्या विद्यापीठांत हजारो विद्यार्थी स्पॅनिश निवडतात. हे वर्ग लहान ठेवावे लागतात, वीस-पंचवीस जणांचे, आणि ते शिकवायला माणसे लागतात. ती माणसे म्हणजेच पीएच.डी.चे विद्यार्थी. गुआमान पोमावर प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी आठवड्यातून चार-पाच वेळा सकाळी नऊला अठरा वर्षांच्या अभियांत्रिकीच्या मुलांना 'सेर' आणि 'एस्तार' या दोन क्रियापदांतील फरक शिकवत असते, त्यांच्या चाचण्या तपासत असते आणि त्यांच्या ई-मेलना उत्तरे देत असते. हे काम तिच्या शिक्षणाला जोडलेले शेपूट नाही. शिक्षणाचा खर्च निघतो तो त्यातूनच.

म्हणून या पीएच.डी.कडे शिक्षण आणि नोकरी अशा दोन्ही नजरांनी पाहायला हवे. चांगल्या विभागात शिक्षणशुल्क माफ असते, आरोग्यविमा मिळतो आणि विद्यावेतन मिळते. बदल्यात प्रत्येक सत्रात एक किंवा दोन वर्ग शिकवायचे. विद्यावेतन सरकारी विद्यापीठांत साधारण वीस ते तीस हजार डॉलरच्या आसपास असते, तर मोठी धनको असलेल्या काही खासगी विद्यापीठांत चाळीस-पन्नास हजारांपर्यंत जाते. सॉफ्टवेअर क्षेत्रातील पालकांना हे आकडे क्षुल्लक वाटतील, आणि सहा वर्षांत न कमावलेल्या पगाराचा हिशेब मांडला तर नुकसान खरेच मोठे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी: वैद्यकीय किंवा कायद्याच्या शिक्षणासारखे लाखो डॉलरचे कर्ज इथे डोक्यावर येत नाही. येऊ देऊच नये. स्वतःचे शुल्क भरून स्पॅनिशची पीएच.डी. करण्याचा प्रस्ताव विभागाने पुढे केला, तर तो नम्रपणे नाकारावा. ज्या विद्यार्थ्यावर विभागाला पैसा लावावासा वाटत नाही, त्याच्यावर पुढे मार्गदर्शकही वेळ लावत नाही, असाच सर्वसाधारण अनुभव आहे.

खर्चाची ही व्यवस्था प्राथमिक वर्गांवर उभी असल्यामुळे ते वर्ग रोडावले की सारेच हलते. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीनुसार अमेरिकेतील महाविद्यालयांत स्पॅनिश घेणाऱ्यांची संख्या २०१६ मध्ये सुमारे ७ लाख १२ हजार होती, ती २०२१ मध्ये सुमारे ५ लाख ८४ हजारांवर आली. तरीही परकीय भाषांत स्पॅनिशच पहिली आहे, आणि दुसरी तिच्या आसपासही नाही. पण ज्यांनी विस्ताराच्या काळातील गणिते मांडली होती त्यांना ही घट बाधते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ साली खर्चकपातीत जागतिक भाषांच्या पदव्या बंद केल्या. शिकवण्यासाठी उरल्या त्या मुख्यतः स्पॅनिश आणि चिनी. बॉस्टन युनिव्हर्सिटीने २०२५–२६ या वर्षासाठी मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांतील डझनभर विषयांचे पीएच.डी. प्रवेश थांबवले, त्यांत स्पॅनिश ज्यात येते ते रोमान्स भाषांचे शिक्षणही होते. अर्ज करण्यापूर्वी विभाग त्या वर्षी प्रवेश देणार आहे की नाही, हे विचारून घेणे आता आवश्यक झाले आहे.

आता दुसरा प्रश्न, त्यानंतर काय? प्राध्यापकपदाच्या कायम होऊ शकणाऱ्या जागा, ज्यांना टेन्युअर-ट्रॅक म्हणतात, त्या २००८ च्या मंदीनंतर कमी झाल्या आणि पूर्वपदावर आलेल्या नाहीत. प्रत्येक शरद ऋतूत जाहिराती निघतात; एकेका जागेसाठी मोठ्या संख्येने अर्ज येतात; निवड झालेल्याला नेब्रास्काच्या किंवा अलाबामाच्या एखाद्या छोट्या गावात संसार मांडावा लागतो. बाकीच्यांना मिळतात त्या वर्ष-दोन वर्षांच्या पाहुण्या नेमणुका, किंवा कराराच्या व्याख्यातापदाच्या जागा, जिथे सत्राला चार-चार वर्ग शिकवायचे असतात आणि संशोधनाला वेळ उरत नाही. फ्रेंच किंवा जर्मनशी तुलना करता स्पॅनिशची स्थिती बरी आहे, असे विभाग सांगतात, आणि ते खरेही आहे. पण बुडणाऱ्या दोन नावांपैकी आपली हळू बुडते आहे, हे काही फार मोठे आश्वासन नव्हे. ज्यांचा विषय भाषाविज्ञान, वारसा-भाषकांचे शिक्षण, वैद्यकीय स्पॅनिश किंवा लॅटिनो समाज यांच्याशी जोडलेला आहे, त्यांना संधी तुलनेने जास्त दिसतात. सुवर्णयुगातील नाटकांवर प्रबंध लिहिणाऱ्याला कमी. आवड बाजूला ठेवून विषय बदलावा असा याचा अर्थ नाही. पण नाटकांवर काम करणाऱ्यानेही अध्यापनपद्धतीचे किंवा वारसा-भाषकांच्या वर्गाचे शिक्षण जोडीला घेतले तर पुढे उपयोगी पडते.

विद्यापीठाबाहेरचे काम आहे, आणि ते थोडेथोडके नाही. हायस्कूलमध्ये स्पॅनिश शिक्षकांची गरज सतत असते; एपीच्या स्पॅनिश साहित्य व संस्कृती या परीक्षेसाठी ३८ साहित्यकृती नेमलेल्या आहेत आणि त्या समर्थपणे शिकवणारे शिक्षक शाळांना हवेच असतात. मात्र सरकारी शाळेत शिकवण्यासाठी राज्याचा शिक्षक परवाना लागतो, नुसती पीएच.डी. तिथे सहसा पुरेशी ठरत नाही, ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते. संघीय न्यायालयांतील दुभाषांची प्रमाणपत्र परीक्षा सध्या केवळ स्पॅनिश–इंग्रजी या जोडीसाठीच घेतली जाते. ती अतिशय कठीण आहे, आणि साहित्याच्या पदवीने ती सुटत नाही. तिची तयारी स्वतंत्रपणे करावी लागते. रुग्णालयांतील दुभाषे, प्रकाशनगृहे, वस्तुसंग्रहालये, टेक्सस विद्यापीठातील बेन्सन संग्रहासारखी लॅटिन अमेरिकेला वाहिलेली ग्रंथालये, इथेही या अभ्यासकांना वाव असतो. ग्रंथपालाच्या जागेसाठी बहुधा ग्रंथालयशास्त्राची जोड-पदवी मागतात.

यातील कुठल्याही कामासाठी सहा वर्षे घालवण्याची गरज नसते, म्हणून एम.ए.चा वेगळा विचार करायला हवा. दोन वर्षांची एम.ए. काही सरकारी विद्यापीठांत अध्यापनाच्या बदल्यात जवळजवळ विनाशुल्क होते. शिकवायला आवडते का आणि संशोधन झेपते का, हे तपासण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. याउलट मोठ्या शहरांतील काही खासगी विद्यापीठांत त्याच पदवीसाठी भरमसाट शुल्क पडते, आणि तिने मिळणारी नोकरी ते शुल्क फेडू शकत नाही. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्या व्यावसायिकांसाठी व्हर्माँटमधील मिडलबरीचा जुना मार्ग आहे: उन्हाळ्यातील काही आठवड्यांची निवासी सत्रे, त्या काळात स्पॅनिशखेरीज अन्य भाषा न बोलण्याची लेखी प्रतिज्ञा, आणि अशा चार उन्हाळ्यांत एम.ए. निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या एखाद्या अभियंत्याला 'दोन किहोते' मुळातून वाचायचे असेल, तर त्यालाही पीएच.डी.पेक्षा हेच बरे.

स्पेनमध्ये एक वर्षाचा, ६० श्रेयांकांचा अधिकृत 'मास्तेर' करून मग पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो, आणि सरकारी विद्यापीठांचे शुल्क अमेरिकेच्या तुलनेत फारच कमी असते. २०२३ पासून पूर्णवेळ पीएच.डी.ची मुदत तिथे चार वर्षे आहे. पण प्रवेश मिळाला म्हणजे विद्यावेतन मिळाले असे तिथे नसते. ते वेगळ्या स्पर्धेतून मिळवावे लागते. ब्रिटनमध्ये पीएच.डी. तीन-चार वर्षांची असते आणि वर्गांचा टप्पा जवळजवळ नसतो, त्यामुळे विषय पक्का असलेल्यालाच ती मानवते. भारतातून येणाऱ्यांसाठी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील स्पॅनिशचे केंद्र हा सर्वांत परिचित पाया आहे. इन्स्तितुतो सेर्वान्तेसची डेले ही परीक्षा भाषेची पातळी सिद्ध करते, पण अमेरिकी विभाग तिच्यापेक्षा स्पॅनिशमध्ये लिहिलेल्या शोधनिबंधाला अधिक वजन देतात.

नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेल्यांपुढे व्हिसाचा प्रश्न असतोच. एच-४ वर शिकता येते. पण अध्यापनाबद्दल मिळणारे विद्यावेतन हा कामाचा मोबदला असल्यामुळे, कामाचा परवाना नसलेल्या एच-४ धारकाला ते घेता येत नाही. त्यासाठी एफ-१ कडे जावे लागते. एकविसावे वर्ष पूर्ण होताच एच-४ संपतो, तेव्हा ज्यांची मुले त्या वयाच्या जवळ आहेत त्यांनी हा बदल प्रवेशाच्या वेळापत्रकात आधीच बसवावा. एफ-१ वर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते, त्यामुळे वाढीव वर्ग घेऊन उत्पन्न वाढवण्याची वाट बंद असते. पदवीनंतरची ओपीटीची मुदत बारा महिने. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी चोवीस महिन्यांची वाढ स्पॅनिश साहित्याला मिळत नाही. जमेची बाजू एवढीच, की विद्यापीठातील नोकरीसाठी एच-१बीची वार्षिक संख्यामर्यादा लागू होत नाही, म्हणजे लॉटरीची टांगती तलवार नसते. हे नियम अलीकडे वारंवार बदलत आहेत, तेव्हा शेवटचा शब्द विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा मानावा.

अर्ज डिसेंबर ते जानेवारीच्या आरंभापर्यंत जातात: हेतुपत्र, स्पॅनिश शोधनिबंध, तीन शिफारसपत्रे. जीआरईची अट अनेक विभागांनी काढून टाकली आहे. हेतुपत्रात 'मला स्पॅनिश भाषेवर लहानपणापासून प्रेम आहे' या वाक्याला जागा देऊ नये. प्रत्येक अर्जात ते असते. कोणता प्रश्न, कोणते ग्रंथ आणि त्या विभागातील कोणत्या अभ्यासकाबरोबर काम, हे त्यात हवे. फेब्रुवारी-मार्चमध्ये होकाराची पत्रे येतात. बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार, आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी निर्णय कळवण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. त्याआधी घाई करणाऱ्या विभागाला हे सांगता येते.

ते पत्र कुटुंबाने एकत्र बसून वाचावे, आणि नोकरीचे नेमणूकपत्र वाचावे तसे वाचावे. विद्यावेतन नऊ महिन्यांचे आहे की बारा? नऊचे असेल तर उन्हाळ्यात काय? हमी किती वर्षांची आहे, आणि प्रबंध सहाव्या वर्षात गेला तर काय होते? शिक्षणशुल्क माफ असले तरी सत्रागणिक इतर शुल्के भरावी लागतात का? एकही वर्ग न शिकवता केवळ संशोधन करायला एखादे तरी वर्ष मिळते का, आणि दफ्तरखान्यांच्या प्रवासाला पैसे कोण देते? सत्राला एक वर्ग की दोन, हा फरक कागदावर लहान दिसतो. प्रबंधावर त्याचा परिणाम वर्षभराचा होतो. ज्या मार्गदर्शकासाठी तिथे जायचे, ते निवृत्तीला आले आहेत का, हेही पाहावे. यातील बरीचशी खरी माहिती चौथ्या-पाचव्या वर्षातील विद्यार्थी देतात, म्हणून विभागाच्या भेटीला गेल्यावर प्राध्यापकांबरोबरच्या जेवणाइतकाच वेळ त्यांच्याबरोबर काढावा.

आणि एक यादी मागावी: गेल्या दहा वर्षांत या विभागातून पीएच.डी. झालेले विद्यार्थी आज कुठे आहेत, केवळ प्राध्यापक झालेलेच नव्हेत, सगळे. आणि किती जणांनी अभ्यास अर्ध्यावर सोडला. काही विभाग ही यादी संकेतस्थळावरच ठेवतात. नसेल तिथे लेखी विचारावे. विचारूनही मिळाली नाही, तर १५ एप्रिलपर्यंत थांबण्याचे कारण राहत नाही.